एक्स्टर्नल डिस्क अर्धा मिनिट गोठते, परत चालू होते: केबल ओढण्याआधी एवढी माहिती घ्या

आधी लक्षण सांगतो, म्हणजे हे तुमच्या कामाचं आहे की नाही ते लगेच कळेल. उबंटू, मिंट किंवा डेबियनवर चालणारा पीसी. यूएसबी 3 च्या केसिंगमध्ये बसवलेली एसएसडी किंवा हार्ड डिस्क. मोठी फाइल कॉपी करताना हिरवी पट्टी मध्येच थांबते, केसिंगवरचा दिवा एकतर विझतो नाहीतर एकसारखा पेटून राहतो, आणि फाइल मॅनेजर काही केल्या दाद देत नाही. साधारण तीस सेकंदांनी सगळं आपोआप सुटतं, कॉपी पुढे सरकते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तीच डिस्क विंडोजवर लावली तर बऱ्याचदा काहीच होत नाही. मग दुकानदार म्हणतो माल चांगला आहे, आणि गिऱ्हाईक म्हणतं लिनक्सच बेकार आहे.

सोलापुरात ही तक्रार माझ्याकडे मुख्यतः दोन ठिकाणांहून येते. एक, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या डिझाइन रूम. दुसरे, लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारे स्टुडिओ. जॅकार्डच्या डिझाइन फाइल्स असोत की लग्नाचं चार तासांचं शूटिंग, दोघांचाही वर्षानुवर्षांचा साठा या एक्स्टर्नल डिस्कवर असतो. म्हणून या प्रश्नाकडे 'जरा हळू चालतंय' म्हणून बघणं मला पटत नाही.

बहुतेक वेळा यात डिस्कचा दोष नसतो. डिस्क आणि यूएसबी यांच्या मध्ये, केसिंगच्या आत, एक छोटी ब्रिज चिप असते. ती चिप आणि लिनक्सचा यूएएस नावाचा ड्रायव्हर यांचं एखाद्या ठराविक आज्ञेवर जमत नाही. ड्रायव्हरमध्ये त्या चिपसाठी एक छोटी नोंद टाकली की ही अडचण सुटते, आणि ती चिप वापरणाऱ्या जगभरातल्या सगळ्यांची सुटते. अशा नोंदींचे पॅच, म्हणजे कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या, तयार करून मी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) या भागाची देखभाल करणाऱ्यांकडे पाठवतो. पण ती नोंद अंदाजाने लिहिता येत नाही. तिला तुमच्या हार्डवेअरचे नेमके आकडे लागतात, आणि ते तुमच्या टेबलावरच आहेत.

तीस सेकंदच का?

यूएसबी डिस्कशी बोलायची जुनी पद्धत अशी: एक आज्ञा पाठवायची, तिचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग दुसरी. यूएएस, म्हणजे यूएसबी अटॅच्ड एससीएसआय, ही नवी पद्धत. यात आज्ञा, उत्तर, येणारा डेटा आणि जाणारा डेटा यांचे मार्ग वेगळे असतात आणि अनेक आज्ञा एकदम डिस्ककडे सोडता येतात. एसएसडीला याचा मोठा फायदा होतो. लिनक्समध्ये ही पद्धत सर्वसामान्यांसाठी खऱ्या अर्थाने सुरू झाली 2014 च्या 3.15 कर्नलपासून.

आता एखादी आज्ञा चिपला पेलली नाही आणि तिने उत्तरच दिलं नाही, तर कर्नल वाट बघतो. डिस्कसाठी ही मुदत मुळातच 30 सेकंदांची ठेवलेली आहे. मुदत संपली की तो ती आज्ञा रद्द करायला बघतो, ते जमलं नाही तर संपूर्ण डिव्हाइस रीसेट करतो आणि काम पुढे नेतो. तुम्हाला दिसणारा अर्धा मिनिट तो हाच. लॉगमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत, त्याची खूण अशी असते:

यूएएस_ईएच_ॲबॉर्ट_हँडलर 0 यूएएस-टॅग 5 इनफ्लाइट: सीएमडी आउट
एसडीबी टॅग#5 सीडीबी: राइट(10) 2ए 00 …
यूएएस_ईएच_डिव्हाइस_रीसेट_हँडलर स्टार्ट
रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस

या चार ओळी तुमच्या लॉगमध्ये असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

केबल ओढू नका, रीस्टार्टही करू नका

डिस्क अडकली की हात पहिल्यांदा केबलकडे जातो. कृपया थांबा. एक कारण डेटाचं: या डिस्क बहुधा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेल्या असतात. एक्सफॅटला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं, त्यामुळे लिहिणं चालू असताना केबल निघाली तर फाइलींची यादीच बिघडू शकते. तीस सेकंदांनी जी डिस्क आपोआप सुटणार होती, ती आता दुरुस्तीला आणावी लागते.

दुसरं कारण लॉगचं. कर्नलचे संदेश मेमरीत असतात, रीस्टार्ट केलं की ते जातात. म्हणून अडकून सुटल्यावर लगेच टर्मिनल उघडा. खालच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन छोटी अक्षरं वापरा, जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय.

सुडो डीएमईएसजी -टी > ~/लॉग.टीएक्सटी

यातला टी मोठा. तो दिला की प्रत्येक ओळीपुढे घड्याळाची वेळ येते. फाइल होम फोल्डरमध्येच ठेवा, त्या अडकणाऱ्या डिस्कवर नको. रीस्टार्ट करून बसला असाल तरी उबंटूवर आशा असते, कारण तिथे आधीच्या वेळचा लॉग सहसा जपलेला असतो:

जर्नलसीटीएल -के -बी -1 > ~/जुना.टीएक्सटी

मला फक्त चुकीची ओळ कापून पाठवू नका. डिस्क लावल्यापासून रीसेट होईपर्यंतचा सगळा तुकडा हवा. लावतानाच्या ओळींमध्ये डिस्क कोणत्या वेगाने जोडली गेली, कोणता ड्रायव्हर लागला, हे असतं, आणि निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

डिस्कचं नाव नको, आयडी हवा

'अमुक कंपनीची एक टीबी, निळी, मागच्या दिवाळीला घेतलेली' असा मेसेज आला की माझ्या हातात काहीच पडत नाही. टॉवेलमध्ये धागा सुटल्याची तक्रार आली तर कारखान्यात कुणी रंगावरून दोष शोधत नाही. माग नंबर, पाळी आणि सुताचा लॉट विचारतात. इथेही तसंच आहे. कव्हरवरचं नाव विकणाऱ्याचं असतं, आतली चिप तिसऱ्याच कंपनीची असते, आणि तेच कव्हर ठेवून आतली चिप कधी बदलली जाईल याचा नेम नसतो.

एका डिझाइन रूममध्ये हे मी अगदी जवळून पाहिलं. टेबलावर दोन केसिंग शेजारी-शेजारी. रंग तोच, स्टिकर तोच, एकाच दुकानातून एकाच बिलावर घेतलेली. डिझाइन काढणारे अण्णा म्हणाले, "ही बिनतक्रार चालते, ही रोज अडकते. डिस्क अदलाबदल करून बघितली, तरी हीच अडकते." हे त्यांनी फार मोलाचं काम केलं होतं: डिस्क बदलली तरी त्रास केसिंगसोबतच राहतो, म्हणजे डिस्क निर्दोष. दोन्हीचा यूएसबी आयडी बघितला तर तंतोतंत एक. पण तपशीलवार माहितीत बीसीडीडिव्हाइस नावाच्या ओळीतला आकडा वेगळा निघाला, म्हणजे आतलं फर्मवेअर, चिपमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर, वेगळं. स्क्रू काढून मोबाइलच्या टॉर्चखाली धरल्यावर आतल्या सर्किटच्या पाटीची रचनासुद्धा वेगळी दिसली. बाहेरून हे कळायला मार्गच नव्हता.

म्हणून ही माहिती घ्या. आधी

एलएसयूएसबी

यात तुमच्या डिस्कच्या ओळीत आयडी या शब्दापुढे चार-चार अक्षरांची जोडी दिसेल, मध्ये कोलन. पहिली चार चिप किंवा केसिंग बनवणाऱ्याची, दुसरी चार त्या उत्पादनाची. उदाहरणार्थ पहिली चार 152डी असतील तर जेमायक्रॉन, 174सी असतील तर एएसमीडिया, 0बीसी2 असतील तर सीगेट. मग

एलएसयूएसबी -टी

हा टी छोटा. यात डिस्कसमोर 'ड्रायव्हर=यूएएस' आहे की 'ड्रायव्हर=यूएसबी-स्टोरेज' ते दिसतं, आणि शेवटी वेग: 5000एम म्हणजे यूएसबी 3, 480एम म्हणजे यूएसबी 2. इथे यूएसबी-स्टोरेज दिसत असेल तर तुमचा त्रास वेगळा आहे, पण तरीही कळवा. आणि मग सगळ्यात महत्त्वाची:

सुडो एलएसयूएसबी -व्ही -डी 1234:5678 > ~/यूएसबी.टीएक्सटी

1234:5678 च्या जागी तुमचा आयडी. हा अहवाल लांबलचक येतो आणि बरेचजण 'महत्त्वाचं तेवढं' निवडून पाठवतात. तसं करू नका. ड्रायव्हरच्या ज्या फाइलमध्ये या नोंदी असतात, तिच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की नवी नोंद पाठवणाऱ्याने हा अहवाल सोबत द्यावा. त्यातली कोणती ओळ कामाला येईल हे आधी सांगता येत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एएसमीडियाच्या चिप्सचं आहे. एएसएम1051, एएसएम1053 आणि एएसएम1153 या तीन वेगळ्या पिढ्या. 1051 च्या यूएएसमध्ये दोष होता, 1053 चालायची पण मोठ्या ट्रान्सफरला अडखळायची, 1153 व्यवस्थित. मात्र या सगळ्या मालिकेत तेच ते यूएसबी आयडी पुन्हा पुन्हा वापरले गेले, त्यामुळे आयडीवरून चांगली-वाईट ओळखणं अशक्य झालं. मग ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी लोकांकडून आलेल्या अहवालांमधून फरक शोधला. 1153 स्वतःची 'मॅक्सपॉवर' (जास्तीत जास्त किती वीज लागेल तो आकडा) शून्य सांगते, 105x मालिका 36 सांगते. आणि 1051 आणि 1053 यांत फरक करायला, चिप किती स्ट्रीम्स, म्हणजे एकदम चालणारे प्रवाह, देते ते बघतात: 1051 देते 32, सुरुवातीच्या 1053 देतात 16. आज तुमच्या पीसीतला ड्रायव्हर अजूनही याच दोन आकड्यांवरून त्या चिप्स ओळखतो. मॅक्सपॉवरची ओळ कुणीतरी 'ही कशाला' म्हणून गाळली असती, तर चांगल्या 1153 वाल्यांचा वेगही विनाकारण गेला असता.

सोबत एवढं आणखी द्या: यूनेम -आर चं उत्तर (कर्नलचा नंबर), आणि एलएसपीसीआय -एनएन मधल्या यूएसबी कंट्रोलरच्या (पीसीतले यूएसबी पोर्ट चालवणाऱ्या चिपच्या) ओळी. कधीकधी दोष केसिंगचा नसून पीसीतल्या कंट्रोलरचा असतो. एट्रॉनच्या एका जुन्या यूएसबी 3 कंट्रोलरवर स्ट्रीम्स चालत नाहीत म्हणून कर्नलने त्या तिथे बंदच ठेवल्या आहेत. जुन्या पीसीत वेगळं यूएसबी 3 कार्ड बसवलेलं असेल तर हे आवर्जून लिहा.

कधी अडकते? हे सगळ्यात मोलाचं

आयडी सांगतो चिप कोणती. नोंद कोणती टाकायची, हे सांगते अडकण्याची वेळ आणि लॉगमधली ती सीडीबीची ओळ. सीडीबी म्हणजे अडकलेली आज्ञा जशीच्या तशी. तिचा पहिला आकडा बघा.

28 म्हणजे वाचणं, 2ए म्हणजे लिहिणं. 2ए वर अडकत असेल आणि फक्त मोठ्या फाइलींच्या वेळी, तर चिपला एका दमात येणारा डेटा जास्त होतोय असा संशय घ्यायचा. त्यासाठीची नोंद एका आज्ञेतला डेटा 240 सेक्टरपर्यंत, म्हणजे 120 किलोबाइटपर्यंत मर्यादित करते.

ए3 0सी असेल तर ती 'तुला कोणकोणत्या आज्ञा समजतात?' अशी चौकशी आहे. कर्नल ती डिस्क लावल्या लावल्या करतो. काही चिप्सना हा प्रश्नच झेपत नाही. याची खूण अशी की कॉपी सुरू करायच्या आधीच, डिस्क लावताच, आयकॉन यायला अर्धा मिनिट लागतो.

85 किंवा ए1 असेल तर ती एटीए पास-थ्रू आज्ञा. डिस्कची तब्येत, म्हणजे स्मार्ट माहिती, वाचायला ती वापरतात. हे प्रकरण फसवं आहे. तुम्ही काहीही करत नसता, डिस्क नुसती लावून ठेवलेली असते, आणि तरी ती ठराविक अंतराने गोठते. कारण डेस्कटॉपमधली यूडिस्क्स ही सेवा मागच्या मागे दर दहा मिनिटांनी डिस्कची तब्येत विचारत असते. त्यामुळे 'साधारण दर दहा मिनिटांनी' असं कुणी लिहिलं की मी लगेच 85 शोधतो. सीगेटच्या बाबतीत हीच नोंद आधी एकेका मॉडेलसाठी टाकली जात होती. लोकांचे अहवाल येत राहिले, यादी वाढत गेली, आणि 2017 मध्ये कंपनीच्या सगळ्याच यूएसबी डिस्कना ती लावली गेली.

म्हणूनच एक सावधगिरी: तब्येत तपासायला स्मार्टसीटीएल चालवायचा मोह होईल. तो शेवटी चालवा, डेटाची दुसरी प्रत काढून झाल्यावर. ज्या आज्ञेने चिप अडकते तीच तो पाठवत असतो.

42 दिसला तर ती ट्रिमची आज्ञा, एसएसडीवरचे रिकामे झालेले भाग कळवणारी. 35 म्हणजे कॅशमधला डेटा पक्का लिहून टाकायची. दुसरा कोणताही आकडा दिसला तरी तो तसाच पाठवा.

आणि दोन वाक्यं तुमच्या शब्दांत लिहा. लावताच अडकते की वापरताना? लिहिताना की वाचताना? लहान फाइलींवर होतं का? डिस्क न वापरता नुसती ठेवली तर होतं का? ही दोन वाक्यं मी लॉगइतकीच बारकाईने वाचतो.

हा खरंच ड्रायव्हरचाच दोष आहे ना?

आपल्याकडे आणखी तीन कारणं नेहमी आडवी येतात, आणि तिन्ही ड्रायव्हरच्या दोषासारखीच दिसतात.

पहिलं, वीज. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला लागताना एक अँपिअरच्या आसपास करंट ओढते. यूएसबी 2 पोर्ट हक्काने देतो 500 मिलिअँपिअर, यूएसबी 3 देतो 900. पीसीच्या पुढच्या पोर्टला लांब केबलने किंवा बिनअडॅप्टरच्या हबमधून डिस्क लावली की ती धडपडते. फरक लॉगमध्ये स्पष्ट असतो: वीज कमी पडली किंवा संपर्क तुटला तर 'यूएसबी डिस्कनेक्ट' अशी ओळ येते आणि डिस्क नव्या नंबराने परत जोडली जाते. यूएएसच्या दोषात डिस्कनेक्ट येत नाही, जुन्याच नंबरावर फक्त 'रीसेट' येतं. तुमच्या लॉगमध्ये डिस्कनेक्टच जास्त असतील तर आधी मागच्या पोर्टला, आखूड केबलने, मध्ये काहीही न ठेवता लावून बघा.

दुसरं, लव. यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत कापसाचे तंतू कुठेही शिरतात, यूएसबी पोर्टही त्याला अपवाद नाही. पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. पीसी बंद करून, ब्लोअरने किंवा मऊ कोरड्या ब्रशने साफ करा. टाचणी घालून कोरू नका.

तिसरं, उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा बंद खोलीत, पत्र्याखाली, एनव्हीएमई एसएसडीचं छोटं केसिंग हात लावू देत नाही इतकं तापतं. तापलेली चिप वेग कमी करते, कधी सोडूनही देते. सकाळी कूलर चालू असताना एकदा आणि दुपारी एकदा तीच कॉपी करून बघा. सकाळीही अडकली तर उन्हावर ढकलता येणार नाही. दोन्ही वेळचे लॉग पाठवलेत तर फारच चांगलं.

तोपर्यंत काम चालू कसं ठेवायचं

लॉग आणि अहवाल घेऊन झाल्यावरच हे करा. आधी केलंत तर दोष लपतो आणि माझ्या हाती काही लागत नाही.

तात्पुरता उपाय: डिस्क सुरक्षितपणे काढून घ्या, मग

इको 1234:5678:यू | सुडो टी /सिस/मॉड्यूल/यूएसबी_स्टोरेज/पॅरामीटर्स/क्वर्क्स

आणि डिस्क परत लावा. यातला 'टी' हा तीन अक्षरी आहे, टी-ई-ई. शेवटचा 'यू' म्हणजे या आयडीसाठी यूएएस वापरू नकोस, जुन्या पद्धतीने बोल. आता एलएसयूएसबी -टी मध्ये यूएसबी-स्टोरेज दिसलं पाहिजे. मोठ्या फाइली थोड्या हळू जातील, छोट्या-छोट्या हजारो फाइली बऱ्याच हळू जातील, पण गोठणं थांबेल. रीस्टार्टनंतरही राहावं म्हणून /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये डॉट सीओएनएफने संपणारी एक फाइल करून त्यात 'ऑप्शन्स यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स=1234:5678:यू' ही ओळ टाका आणि सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक त्याच डिस्कवरून बूट होत असेल तर सीएमडीलाइन.टीएक्सटी मध्ये, आहे त्याच एका ओळीत, 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=1234:5678:यू' जोडा.

पण माझी एक कळकळीची विनंती आहे. 'यू' ने काम झालं म्हणून तिथेच थांबू नका. 'यू' ची नोंद कर्नलमध्ये गेली तर त्या आयडीच्या प्रत्येक डिस्कचा यूएएस जाईल, ज्यांची चिप ठणठणीत आहे त्यांचाही. म्हणून देखभाल करणारे आधी विचारतात: याहून छोटी नोंद पुरते का? 'यू' च्या जागी एकेक अक्षर लावून बघा. लावताच अडकत असेल तर 'एफ'. ठराविक अंतराने अडकत असेल तर 'टी'. मोठ्या फाइलींवर अडकत असेल तर 'जी'. प्रत्येक वेळी डिस्क काढून परत लावायची, आणि ज्या कॉपीवर ती नेहमी अडकते तीच कॉपी करायची. 'एफ ने गेलं, टी ने नाही गेलं' एवढं एक वाक्य लिहून पाठवलंत की पॅचमध्ये काय लिहायचं ते ठरतं. या चाचणीसाठी खरा डेटा वापरू नका. नकोशा फाइली भरलेली डिस्क घ्या.

काय झाकायचं, काय नाही

अहवालात आयसीरिअल नावाची ओळ असते, तो तुमच्या केसिंगचा अनुक्रमांक. त्याची शेवटची चार-सहा अक्षरं एक्सने बदला. लॉगमध्ये पीसीचं नाव येतं, वायफाय-लॅन कार्डचा मॅक पत्ता येऊ शकतो, तेही झाका. फाइलींची नावं या लॉगमध्ये सहसा येत नाहीत, तरी पाठवण्याआधी एकदा नजर टाका. गिऱ्हाइकाचा डेटा, डिस्कची इमेज, पासवर्ड यातलं मला काहीही नको, आणि 'ड्रायव्हरसाठी डिस्क द्या' असं कुणी म्हणालं तर देऊ नका. आयडी, बीसीडीडिव्हाइस, मॅक्सपॉवर, कंपनी आणि उत्पादनाच्या ओळी मात्र जशाच्या तशा राहू द्या. त्या झाकल्या तर बाकी अहवालाचा उपयोग नाही.

स्क्रीनचा फोटो पाठवण्यापेक्षा टीएक्सटी फाइलच पाठवा. फोटोत 8 आणि बी सारखे दिसतात, आणि आयडीत एक अक्षर चुकलं तर नोंद दुसऱ्याच कुणाच्या डिस्कला लागते. केसिंग स्क्रूने उघडत असेल आणि वॉरंटीचं सील नसेल, तर चिपवरच्या अक्षरांचा फोटो मात्र जरूर काढा.

विंडोजवाल्यांचीही मदत होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्टोरेज कंट्रोलर्सखाली 'यूएसबी अटॅच्ड एससीएसआय (यूएएस) मास स्टोरेज डिव्हाइस' दिसतं. प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथली पहिली ओळ कॉपी करा. तिच्यात व्हीआयडी, पीआयडी आणि आरईव्ही असे तीन आकडे असतात आणि आरईव्ही म्हणजेच बीसीडीडिव्हाइस. विंडोजवरही डिस्क गोठत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये यूएएसपीस्टॉर या नावाने 129 क्रमांकाची नोंद शोधा. ती सापडली तर दोष नुसता लिनक्सचा नाही, चिपच्या फर्मवेअरचा आहे, आणि पॅच पाठवताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

पाठवल्यानंतर काय होतं

तुमच्या आकड्यांवरून मी नोंद तयार करतो. तिच्यात आयडीसोबत बीसीडीडिव्हाइसची कक्षाही असते, इथून इथपर्यंतच्या फर्मवेअरला लागू. बहुतेक नोंदी 0000 ते 9999 अशा सरसकट असतात, कारण नेमकी कक्षा ठरवायला पुरेशी माणसं अहवालच देत नाहीत. ज्यांची त्याच आयडीची डिस्क नीट चालते त्यांचे अहवालही मला म्हणूनच हवेत. तुमची अडकत नसेल तरी आयडी आणि बीसीडीडिव्हाइस पाठवा, 'चालते' असं लिहून.

पॅच स्वीकारला गेला की तो आधी मुख्य कर्नलमध्ये जातो. अशा नोंदी जुन्या स्टेबल कर्नलमध्येही घेण्याची नियमात मुभा आहे, त्यामुळे तुमच्या उबंटूच्या नेहमीच्या अपडेटमधून तो येऊ शकतो, नवी आवृत्ती टाकावी लागत नाही. मध्ये किती आठवडे जातील हे माझ्या हातात नाही.

तो आल्यावर मॉडप्रोब.डी मधली तुमची ओळ आठवणीने काढा आणि इनिटरॅमएफएस पुन्हा अपडेट करा. तुम्ही दिलेली ओळ कर्नलमधल्या नोंदीवर मात करते. ती राहिली तर नवी, छोटी नोंद येऊनही तुमची डिस्क जुन्या संथ पद्धतीनेच चालत राहील. ओळ काढून, डिस्क परत लावून, तीच नेहमी अडकणारी कॉपी करा आणि एलएसयूएसबी -टी मध्ये यूएएस दिसतंय का ते बघा. दिसलं आणि कॉपी न अडकता पूर्ण झाली तर तेवढं कळवा. अडकली तर नवा लॉग पाठवा, पुन्हा लावल्यापासून रीसेटपर्यंतचा सगळा.